चुरीबाई आणि झालेली कामं

चुरीबाईंच्या क्लासच्या जिन्यात पालकांनी उभं राहायचं नाही, असा नियम होता. मला तो पहिल्या दिवशी ठाऊक नव्हता. मुक्ता, माझी मुलगी, आठवीत गेली आणि शाळेत तिने संस्कृतऐवजी फ्रेंच घेतलं. सरावलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणाला फ्रेंचचा गंध नाही. चौकशी करता करता कळलं, की तारापूर रोडला औषधांच्या दुकानावर एक बाई शिकवतात. मुलीला आत सोडलं आणि मी जिन्यात मोबाइल काढून उभा राहिलो. दोन मिनिटांत दार उघडलं. समोर फिकट निळ्या सुती साडीतल्या, बुटक्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई.

"तुम्ही कोण?"

"मी घरत. मुक्ताचा बाबा. क्लास सुटेपर्यंत थांबतोय."

"जिन्यात थांबून काय मिळतं? आत या. फुकट आहे, ऐका."

मी म्हटलं, माझं वय झालं शिकायचं. त्यावर म्हणाल्या, "शिकू नका हो. बसा नुसते. पंखा तरी आहे आत." असा मी त्रेचाळिसाव्या वर्षी आठवीतल्या पोरांच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. माझ्या शेजारी आणखी एक आई बसली होती, तीही अशीच जिन्यातून उचललेली. फी मात्र बाईंनी आमच्याकडून कधी घेतली नाही. पण आम्हाला प्रश्न विचारायला त्यांनी कधी कमी केलं नाही.

त्या दिवशी त्या नेमका भूतकाळ शिकवत होत्या. फळ्यावर एक क्रियापद लिहिलं होतं, त्याचा उच्चार 'पार्ले'. अर्थ, बोलणे. पोरं खुसखुसत होती. शेवटी एकाने विचारलंच, "बाई, हे विलेपार्ले का?"

"हो," बाई म्हणाल्या, "पण इथे उतरायचं नाही. इथे बोलायचं."

मग त्यांनी फळ्यावरचा शेवटचा 'आर' बोटाने पुसला आणि उरलेल्या 'ई'च्या डोक्यावर एक तिरकी काडी दिली. "झालं. हे बोललेलं तयार झालं. आता ते कोणापाशी आहे एवढंच सांगायचं. आपण मराठीत म्हणतो, मी बोललो आहे. फ्रेंच माणूस म्हणतो, माझ्यापाशी बोललेलं आहे. झे पार्ले. तुझ्यापाशी असेल तर त्यू आ पार्ले. त्याच्यापाशी, इल आ पार्ले. आपल्यापाशी, नू झाव्हों पार्ले. तुमच्यापाशी, वू झाव्हे पार्ले. त्यांच्यापाशी, इल झों पार्ले. बोललेलं बदलत नाही बघा. मालक तेवढा बदलतो."

"मालक बदलतो" हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. पोरांनी गृहपाठात चूक केली, की त्या वहीवर बोट ठेवून विचारायच्या, "ह्याचा मालक कुठाय?" एकदा मुक्ता घरी आईला म्हणाली, "आई, दूध उतू गेलंय आणि त्याला मालकच नाही." तेव्हा मला समजलं की बाई आमच्या घरात शिरल्या आहेत.

बाई राहायच्या केळवे-माहीमकडे, पालघरपासून रिक्षाने आत. त्यांच्या यजमानांची वाडी होती, केळी, नारळ आणि थोडी पानवेल. बाई माहीमहून पालघरला यायच्या, तिथून गाडीने उमरोळी ओलांडून बोईसर. हातात कापडी पिशवी, पिशवीत खडूचा डबा, पाण्याची बाटली आणि नेहमी दोन-चार केळी. शिकवताना कोणी पेंगलं, तर त्या ओरडायच्या नाहीत. एक केळं समोर ठेवायच्या. "आधी खा. उपाशी माणसाला व्याकरण चढत नाही."

फ्रेंच त्या कुठे शिकल्या, ह्याचं मला फार कुतूहल होतं. एकदा क्लास सुटल्यावर त्यांनी सांगितलं. कॉलेजात एक विषय म्हणून घेतलं होतं. मग मुंबईला एका कापड निर्यात करणाऱ्या ऑफिसात नोकरी लागली. त्या ऑफिसचा माल आफ्रिकेतल्या अशा देशांत जायचा, जिथे व्यवहार फ्रेंचमध्ये चाले. पत्रं लिहायला आणि आलेली वाचायला बाई. 'आपले पत्र मिळाले', 'आम्ही माल पाठवला आहे', 'आपण नमुने मागितले होते', ह्यातच त्यांची उमेदीची वर्षं गेली. ऑफिस बंद पडल्यावर त्या घरी बसल्या नाहीत, बोईसरला ही खोली भाड्याने घेतली.

"म्हणजे तुम्ही कधी फ्रेंच माणूस पाहिला नाही?" मी विचारलं.

"टपालातून पाहिला की," त्या म्हणाल्या. "फार सभ्य वाटला."

मला तेव्हा हसू आलं. त्या उत्तरात पुढे काय दडलंय, हे तेव्हा ना मला कळलं ना त्यांना.

मी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. त्या वर्षी आमच्याकडे फ्रान्सहून पावडर सुकवण्याचं एक मोठं यंत्र आलं. ते बसवून द्यायला इंग्रजी बोलणारा इंजिनिअर येणार होता. तो आजारी पडला आणि त्याच्या जागी मिशेल नावाचा एक उंच, पिकल्या मिशांचा कारागीर आला. यंत्राचा नट न् नट त्याला पाठ होता, पण इंग्रजी 'गुड मॉर्निंग'च्या पुढे जात नव्हती. आमचे मॅनेजर दोन दिवस मोबाइलवर भाषांतर करत बसले. मोबाइलने 'गाळणी'चं 'कॉफी' केलं. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "सर, माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत."

बाईंना विचारायला गेलो, तर त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "खरा फ्रेंच?" त्या म्हणाल्या. आणि मग एकदम गंभीर होऊन, "मला जमेल ना हो घरत?"

दुसऱ्या दिवशी सुती साडी, पायात कारखान्याचे जाड सेफ्टी बूट आणि डोक्यावर भुवयांपर्यंत येणारं पिवळं हेल्मेट अशा थाटात बाई आमच्या शेडमध्ये आल्या. मिशेलसमोर उभ्या राहिल्या आणि अतिशय सुंदर, पत्रातल्यासारखं लांबलचक वाक्य बोलल्या. मिशेलला इतका आनंद झाला, की त्याने दोन्ही हात हवेत टाकून उत्तर दिलं. ते उत्तर एका दमात, निम्मे शब्द मिशीत, निम्मे यंत्राच्या घरघरीत. बाईंचा चेहरा मी पाहिला. त्यांना त्यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

पण त्या मागे हटल्या नाहीत. पुन्हा विचारत, त्याला लिहायला लावत, खुणा करत त्यांनी सकाळ निभावली. दुपारी यंत्राची पहिली चाचणी होती, नुसत्या गरम पाण्याची. यंत्राच्या पोटाखाली पाणी सोडून देण्याचा एक व्हॉल्व्ह होता. धुणं झालं, की तो बंद करायचा आणि मग गरम पाणी सुरू करायचं. व्हॉल्व्हपाशी राजकिशोर उभा होता. हा बिहारकडचा, कॉन्ट्रॅक्टरचा माणूस, कामाला चोख. मिशेल वर पॅनेलपाशी, त्याच्याजवळ बाई, आणि बाईंचं ऐकून खाली सांगायला मी.

मिशेल घाईत काहीतरी बोलला. बाई म्हणाल्या, "ते म्हणतायत, तुम्ही व्हॉल्व्ह बंद केला आहे, आता मी सुरू करतो."

मी खाली ओरडलो, "राजकिशोर, वॉल्व बंद है, हट जाओ!"

राजकिशोरला वाटलं, पलीकडच्या बाजूने कोणीतरी बंद केला असेल. तो बाजूला झाला. मिशेलने बटण दाबलं आणि उघड्या व्हॉल्व्हमधून वाफाळतं पाणी भसकन जमिनीवर आलं. राजकिशोर उडी मारून पायरीवर चढला म्हणून वाचला. पाणी शेजारच्या खड्ड्यात गेलं आणि तिथली नवी मोटर जळली. वास सगळ्या शेडमध्ये पसरला.

मॅनेजर धावत आले. पहिला प्रश्न राजकिशोरला. "वॉल्व तेरे पास था ना? बंद क्यों नहीं किया?"

"साब, बोला गया कि बंद है।"

"कौन बोला?"

राजकिशोरने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर मध्ये पडला. त्याला आपली कातडी वाचवायची होती. "साब, ये लड़का ध्यान नहीं देता। कल से गेट पास बंद करता हूँ इसका।" राजकिशोरचा चेहरा पांढरा पडला. मी म्हणालो, "सर, मी सांगितलं त्याला," पण माझा आवाज त्या गोंधळात कुठे पोचला नाही.

तेव्हा बाई जिना उतरून खाली आल्या. त्या बुटांत त्यांना नीट चालता येत नव्हतं, कठड्याला धरून आल्या. मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. "ह्याची चूक नाही. घरतांचीही नाही. माझी आहे."

"ठीक आहे मॅडम, आपण नंतर बोलू."

"नंतर नाही. नंतर ह्याचा पास गेलेला असेल. मला एक फळा द्या."

कंट्रोल रूममध्ये पांढरा बोर्ड होता. तिथे मॅनेजर, सुपरवायझर, राजकिशोर, मिशेल आणि मी, असे सगळे उभे राहिलो. बाईंनी बोर्डावर दोन ओळी लिहिल्या आणि एकेक मोठ्याने वाचली.

"वू फेर्मे ला व्हान. म्हणजे, तुम्ही व्हॉल्व्ह बंद करा. वू झाव्हे फेर्मे ला व्हान. म्हणजे, तुम्ही व्हॉल्व्ह बंद केला आहे. लिहिताना फेर्मेची शेपटं वेगळी आहेत. ह्याच्या शेवटी झेड, त्याच्या शेवटी काडी. डोळ्यांना दिसतं. कानाला दोन्ही एकच, फेर्मे. फरक फक्त मधल्या 'झाव्हे'चा. ते म्हणाले, बंद करा. मी ऐकलं, बंद केलाय. ते 'झाव्हे' ते बोललेच नव्हते. माझ्या कानाने घातलं."

मग त्यांनी तेच मिशेलला सांगितलं, सावकाश. मिशेलने टोपी काढली, डोकं खाजवलं, बोर्डाकडे बघितलं आणि मान हलवून काहीतरी म्हणाला. बाईंनी ते मॅनेजरना सांगितलं नाही. मीच विचारल्यावर म्हणाल्या, "म्हणतात, त्यांची बायकोही हीच तक्रार करते. शब्द गिळतात."

मॅनेजर माणूस वाईट नव्हते. त्यांनी राजकिशोरकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. "जाओ, कपड़े बदलो," म्हणाले. "पास-वास कुछ नहीं। मोटर दूसरी लगेगी।" राजकिशोरने बाईंना वाकून नमस्कार केला, तेव्हा त्या दोन पावलं मागे सरल्या. नमस्कार घ्यावा असं आपण काही केलं आहे, हे त्यांना पटत नसावं.

परत जाताना मी त्यांना बोईसर स्टेशनवर सोडायला गेलो. बाकावर बसल्या. पिशवीतली केळी तशीच होती. म्हणाल्या, "घरत, मी इतकी वर्षं पोरांना डोळ्यांनी फ्रेंच शिकवलं. कागदावरचं. पोरांना फसवलं की हो." मी काहीबाही समजूत घातली. गाडी आली, त्या चढल्या. पुन्हा येते असं म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी माहीमला त्यांच्या घरी गेलो. बाबूकाका, त्यांचे यजमान, अंगणात झावळ्या सोलत बसले होते. मला बघून कोयता खाली ठेवला.

"तुमीच ना ते कारखान्याचे? कालपासून बोलत नाय ती. म्हणते, मला ऐकू येत नाय. मी बोललो, चाळीस वर्षं माझं तरी कुठं ऐकलंस? तेव्हा नाय वाईट वाटलं?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग हसू. बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, डोळे सुजलेले, पण हसत होत्या. "ह्यांना कोणी विचारलंय का?" म्हणाल्या.

"विचारायला कशाला पायजे? तो माणूस तिथं एकटा हाय. त्याला बोलायला कोन हाय? तू नाय गेलीस तर तो पन मुका, तू पन मुकी."

बाई उंबरठ्यावर टेकल्या. मग मला विचारलं, "नवी मोटर कधी येते?"

"मंगळवारी."

"मग मला सोमवारी त्यांच्याबरोबर बसू दे. नुसतं बोलायला. यंत्र नको."

सोमवारी कँटीनमध्ये एका टेबलाशी मिशेल आणि बाई समोरासमोर बसले. बाईंनी त्याला कामाला लावलं. काल दिवसभर काय केलंस ते सांग, म्हणाल्या. त्याने सांगायचं आणि बाईंनी डोळे मिटून ऐकायचं. कळलं नाही, की टेबलावर बोट आपटायचं. सुरुवातीला टेबल सारखं वाजत होतं. झे मांजे, मी जेवलो. झे मार्शे, मी चाललो. झे तेलेफोने आ मा फाम, मी बायकोला फोन केला. दुपारपर्यंत बोट कमी वाजायला लागलं. चहाच्या वेळी मिशेल फोटो काढून दाखवत होता आणि बाई मध्येच त्याला तोडून काही विचारत होत्या. कँटीनवाला माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, हे भांडतायत का?"

मंगळवारपासून बाईंनी शेडमध्ये एक शिस्त लावली. प्रत्येक पायरीला मिशेलने वाक्य पूर्ण बोलायचं आणि काम झालेलं असेल तर 'झाव्हे'तलं 'आव्हे' जोरात म्हणायचं. ते 'आव्हे' ऐकल्याखेरीज खालच्या माणसाने जागा सोडायची नाही. दोन दिवसांत तो शब्द सगळ्या शेडचा झाला. राजकिशोर खालून ओरडायचा, "वॉल्व आव्हे, साब!" वरून मिशेल अंगठा दाखवायचा. यंत्र सुरू झालं, नीट चाललं, मिशेल परत गेला, पण तो शब्द गेला नाही. आजही आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या दिवशी हे शिकवतात. एकदा कँटीनमध्ये मी अशाच एका पोराला विचारलं, जेवण झालं का, तर तो म्हणाला, "आव्हे."

जाण्याआधी मिशेल माहीमला जेवायला गेला होता. मीही होतो. बाईंनी सगळ्या भाज्या एकत्र शिजवून उकडहंडी केली होती. त्याने तीनदा वाढून घेतली आणि कोणती भाजी कोणती, हे विचारून बाईंना दमवलं. जेवण झाल्यावर बाबूकाका त्याला वाडीत घेऊन गेले. तासाभराने दोघे परत आले, तेव्हा मिशेलच्या विजारीला चिखल लागला होता. काय बोललात, असं बाईंनी विचारलं, तर काका म्हणाले, "त्याच्या बापाची द्राक्षाची वेल हाय. वेलाला आधार कसा देतात ते त्यानं दाखवलं. मी पानवेलीचं दाखवलं. बोलायचं काय त्यात?"

ह्या सगळ्यानंतर क्लास बदलला. बाईंनी बाकं फिरवली. पोरांची पाठ फळ्याकडे, तोंड खिडकीकडे. आधी ऐकायचं, मग वळून लिहिलेलं बघायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना सगळं सांगितलं, मोटर जळल्याचंसुद्धा. "माझी चूक तुम्ही करू नका. तुम्ही तुमची नवीन करा." एका पालकांनी तक्रार केली, की शाळेच्या परीक्षेत ऐकण्याला मार्क नाहीत. बाई म्हणाल्या, "मार्क नसेनात. मोटर तर वाचेल." मुक्ताला दहावीत फ्रेंचमध्ये चांगले मार्क मिळाले, पण त्याहून मला हे सांगावंसं वाटतं, की ती आता समोरचा बोलत असताना मध्ये बोलत नाही. तिच्या वयाला ही गोष्ट लहान नाही.

त्या सोमवारनंतर मी 'अहो घरत'चा 'महेश' झालो होतो. गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर बाईंनी बोईसरची खोली सोडली. निरोपसमारंभ वगैरे करू दिला नाही. शेवटच्या दिवशी नेहमीसारखा धडा घेतला, खडूचा डबा मागच्या बाकावर माझ्या शेजारी बसणाऱ्या त्या आईच्या हातात दिला. ती आता तिथेच लहान मुलांना शिकवते. बाई माहीमला घरी राहिल्या. तिथेही एक-दोन पोरं यायची. गेल्या हिवाळ्यात, थोड्याशा आजारानंतर, बाई गेल्या. शेवटपर्यंत शुद्धीवर होत्या आणि काकांशी वाद घालत होत्या, असं काकांनीच मला सांगितलं, अभिमानाने.

त्याच्या चार-पाच महिने आधी मी त्यांच्याकडे गेलो होतो, ती दुपार मला फार आठवते. मिशेलचा फोन आला होता. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. बाईंनी फोन स्पीकरवर टाकून पाटावर ठेवला आणि त्या केळफूल सोलत बसल्या. मिशेल नेहमीच्या वेगात, नेहमीसारखा मिशीतून बोलत होता. मला अधूनमधून एखादा शब्द लागत होता. बायको, शेजारी, कुत्रा. काहीतरी गोष्ट सांगत होता. बाई सोलता सोलता "वी, वी", म्हणजे हो, हो, करत होत्या. आणि मिशेलचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं, तोच बाई हसायला लागल्या. मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. केळफूल मांडीवरून खाली पडलं. मग तिकडे मिशेलही हसायला लागला.

फोन संपल्यावर मी विचारलं, "बाई, काय सांगत होता तो?"

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. सांगायला सुरुवात केली, थांबल्या, पुन्हा हसल्या.

"नाही रे महेश, मराठीत नाही यायची ती," त्या म्हणाल्या. "ती ऐकायलाच हवी."